बिगी

गुरुसिद्धच्या गॅरेजात काम शिकायचं तर आधी पाना चुकवायला शिकावं लागायचं, पाना धरायला नंतर. शिवाजी पेठेत ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. गडी भडकला की हातात असेल ते फेकायचा. पाना असला तर पाना, चहाचा ग्लास असला तर चहासकट ग्लास. एकदा एका गिऱ्हाइकानं, "ब्रेक नीट बसवलायसा न्हवं?" एवढंच विचारलं. झालं! ह्या बहाद्दरानं बसवलेला ब्रेक परत उचकटून त्याच्या पायापाशी आदळला आणि म्हणाला, "घे, आन् पायानं थांबीव जा गाडी." गंमत बघा, तेच गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात मुकाट परत आलं, कारण असा हात दुसरीकडं मिळत नव्हता. लोक शिव्या खायचे, गाडी चांगली करून न्यायचे, आणि गल्लीच्या तोंडाला पोचल्यावर त्याच शिव्या त्याला घालायचे.

माणूस मूळचा सीमेपलीकडचा. घरात कानडी, दारात मराठी. बाप गेला तेव्हा धाकटा भाऊ शशिधर रांगत होता. आई गंगव्वानं थोरल्याला कोल्हापुरात एका उस्तादाच्या हाताखाली धाडलं. तो उस्ताद इंजिनाच्या पट्ट्यानं फोडून काढायचा. नट तिरका बसला की पट्टा, चहा सांडला की पट्टा, आणि काहीच चुकलं नाही तर उस्तादाचं घरी वाजलंय म्हणून पट्टा. पुढं गुरुसिद्ध सदरा वर करून पाठीवरचे वळ दाखवायचा आणि अभिमानानं सांगायचा, "ह्यानंच शिकलो." अरे बाबा, तू शिकलास ते डोळे उघडे ठेवून, मार खाऊन कुणी इंजिन शिकतंय होय? पण हे त्याच्या तोंडावर कोण सांगणार? सगळ्यांना आपापले दात प्यारे होते.

शशिधर जरा मोठा झाल्यावर गुरुसिद्धनं त्याला आईकडनं आणलं, पोटाला चिमटा काढून शिकवलं. आणि ह्या भावावर मात्र उभ्या जन्मात कधी हात उगारला नाही. शशिधर चुकला की मार दुसरा कुणीतरी खायचा. शशिधर नापास झाला, तर गुरुसिद्ध मास्तरची गचांडी धरायला शाळेत. शशिधरनं मोटारसायकल पाडली, तर ज्या म्हशीला चुकवताना ती पडली तिच्या मालकाचं नाक फुटलं. त्या नाकातलं रक्त बघून शशिधर रस्त्याकडेला ओकला होता. थोरल्याला वाटलं, पोराला पडून मुका मार लागलाय.

तर ह्या शशिधरला तरुणपणी वेगाचं खूळ लागलं. एक जुनी पांढरी गाडी घेतली, मागच्या सीटा काढून टाकल्या, इंजिनाची आतडी बाहेर काढून परत भरली. गडमुडशिंगीच्या पुढं माळावर कुणा बिल्डरनं प्लॉट पाडायला सरळसोट डांबरी रस्ता करून ठेवला होता. प्लॉट खपले नाहीत, रस्ता राहिला. तिथं सम्राट नावाचा एकजण रविवारी सकाळी गाड्यांच्या शर्यती लावायचा. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, झेंडा पडला की सुटायचं, पांढऱ्या पट्ट्यापाशी जो आधी पोचंल तो जिंकला. परवानगीबिरवानगीचं नाव काढायचं नाही. माणसं मात्र जत्रेसारखी लोटायची.

गुरुसिद्धनं आठवडाभर घरात तांडव केलं. शेवटी शशिधर म्हणाला, "तू नगं म्हणलास तर दुसऱ्या गॅरेजात तयार करून पळीवतो."

"दुसरा कोण हात लावतोय बघतोच. चाकं मी बसवणार. आन् ऐक, तुझ्या अंगावर ओरखडा जरी आला, तर जीव घीन तुझा."

दोघं भाऊ आपसात कानडीतच बोलायचे, इथं मराठीत सांगितलं एवढंच. जीव घेईन म्हणाला की अण्णाचा जीव आपल्यात अडकलाय, एवढं शशिधरला कळायचं. त्या दिवसापासनं गुरुसिद्धला दुसरं काही सुचेना. भावानं त्या रस्त्यावरनं धडधाकट घरी यावं, बस्स.

चाकांचंच का, तर शशिधरनं पुढं रुंद, जाड चाकं घातली होती. चाक ज्या बोटाएवढ्या पोलादी दांड्यांवर बसतं आणि ज्यांच्यावर नट आवळतात, त्यांना स्टड म्हणायचं. जुने स्टड जुन्या चाकापुरते. जाड चाक चढवल्यावर नटाला धरायला जेमतेम दोनचार आटे उरत होते, आणि झेंडा पडल्यावर इंजिनाचा सगळा हिसका त्या दोनचार आट्यांवर. गुरुसिद्धनं ते बघितलं आणि कपाळावर हात मारला. "ह्याच्यावर पळाला असतास तर तू ऱ्हायला असतास मागं, आन् चाक पयलं आलं असतं." मग उद्यमनगरात जाऊन, टर्नरच्या डोक्यावर उभा राहून, चांगल्या पोलादाचे लांब स्टड करून आणले.

जुने काढायचं काम म्हणजे हाणामारीच. स्टडला दाते असतात, ते चाकामागच्या लोखंडी हबमध्ये रुतलेले असतात, सुखासुखी सुटत नाहीत. गॅरेजातला माणूस आदर्श हब धरून बसला आणि गुरुसिद्धनं घण उचलला. प्रत्येक घावाला उदयसिंहाचा उद्धार. हा उदयसिंह म्हणजे गेल्या शर्यतीत जिंकलेला गडी. शशिधर नाव नोंदवायला गेला तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर त्याला, "काय कानडी आप्पा, बैलगाडी आणलीस व्हय?" असं विचारलं होतं. भावाचा तो अपमान थोरल्याच्या डोक्यात ठसठसत होता. घण पडत होता, ठिणग्या उडत होत्या, शिव्या तर मोजायलाच नकोत.

आदर्श दिवाळीनंतर कामाला लागला होता. पेठेतलाच, लग्नाच्या वयाचा, सरळ माणूस. घरी एकटी आई, चिमणाबाई, एका खानावळीत भाकऱ्या थापायची. त्याला कानडीचं ओ का ठो कळत नव्हतं. हब हातात थाडथाड उडायला लागल्यावर तो एवढंच म्हणाला, "अण्णा, प्रेसवर दाबून काढलं तर न्हाय व्हय चालायचं?"

चालणार होतं, तीच तर बरी रीत! पण गुरुसिद्धनं उलट्या हाताची अशी एक ठेवून दिली की आदर्शचा ओठ फाटला. "इचारायचं न्हाय! सांगितलं की करायचं. परत प्रश्न इचारलास तर हब सोडून तुझं डोकं धरीन घणाखाली." शशिधर मान खाली घालून कपड्यानं नवे स्टड पुसत बसला. आदर्श बाहेर नळावर गेला.

मग दोघं भाऊच नवे बसवायला लागले. नवा स्टड हबच्या मागून घालायचा, पुढून वायसरची चळत चढवायची, वर एक जुना नट, आणि तो नट आवळत आवळत स्टड आत ओढून घ्यायचा. पान्यावर शशिधर, आणि स्टडचं डोकं मागं नीट टेकतंय का बघायला गुरुसिद्ध. "बिगी," गुरुसिद्ध म्हणायचा. शशिधर जोर लावायचा. "बिगी, बिगी." डोकं टेकलं की म्हणायचा, "साकु." कानडीत बिगी म्हणजे घट्ट, आवळ. साकु म्हणजे पुरे. बाहेर ओठ धुणाऱ्या आदर्शला वाटलं, अण्णा भावालाबी घाईच करतोय की! कोल्हापुरात बिगीबिगी म्हणजे लवकर लवकर, दुसरं काय?

काम झाल्यावर गुरुसिद्धनं आदर्शला बोलावून मराठीत बजावलं, "पयली फेरी झाली की चाकाचं सगळं नट परत आवळायचं. नव्या स्टडनं जोर खाल्ला की त्यो आत बसतो आन् नट ढिला पडतो. मीच आवळणार हाय, पण मी हाताशी नसलो तर तू. इसरलास तर बघ." आणि काय बघायचं ते दाखवायला घणाकडं बोट केलं. आदर्शनं मान डोलावली. माणूस विसरणाऱ्यातला नव्हता.

रविवारी माळावर ही गर्दी! पहिल्या फेरीला शशिधरची पांढरी गाडी आणि उदयसिंहाची काळी. झेंडा पडला, टायरांचा धूर झाला, आणि पांढरी गाडी अशी सुटली की उदयसिंह नुसता बघत राहिला. गाडीच्या लांबीनं शशिधर पुढं. गुरुसिद्धनं टोपी काढून आभाळात फेकली, अनोळखी पावण्याला मिठी मारली. त्या माणसाला असं खुशीत नाचताना पेठेनं कधी बघितलं नव्हतं.

शशिधरनं दोनपैकी एक फेरी मारली होती, दुसरी वेगळ्या गाडीबरोबर राहिली होती. गाडी परत आली, आदर्शनं पुढनं जॅक लावला, पाना पहिल्या नटावर चढवला. गुरुसिद्ध येतच होता आवळायला. एवढ्यात उदयसिंह गाडीतनं उतरला आणि ओरडला, "ह्यो लबाडीनं सुटलाय! झेंडा पडायच्या आधी गाडी सोडली कानड्यानं!"

बस्स. गुरुसिद्ध वळला, चाक तसंच राहिलं. दोन ढांगांत त्यानं उदयसिंहाची कॉलर धरली आणि डोक्यानं त्याच्या तोंडावर धडक दिली. उदयसिंहाचं नाक भळाभळा वाहायला लागलं. त्याची माणसं धावली, कुणी गुरुसिद्धच्या पाठीत लाथ घातली, कुणी केस धरले. ह्यानं एकाच्या बरगडीत कोपर घातलं, दुसऱ्याचं बोट पिरगाळलं, कॉलर काही सोडली नाही. माईकवर सम्राट बोंबलत होता, "ए भांडणं नंतर! पोलिसांची गाडी निघालीया म्हणत्यात! बिगीबिगी गाड्या लाईनीला घ्या!"

त्या झोंबाझोंबीतसुद्धा गुरुसिद्धचं अर्धं लक्ष चाकाकडं होतं. भावाच्या जिवाची काळजी राग आला म्हणून जात नाही. त्यानं मान वळवून गाडीकडं बघत गळा फाडून हाक दिली. पण रागात माणसाच्या तोंडी आईची भाषा येते.

"ए! बिगी! बिगी!"

आदर्शनं ऐकलं. पाना नटावरच होता. हात थांबला. अण्णा घाई करतोय, माईकवर सम्राटही तेच म्हणतोय. मग नट? विचारावं काय? त्यानं एकदा अण्णाकडं बघितलं. अण्णाच्या कपाळावर रक्त, मुठीत माणूस. फाटलेला ओठ अजून भरला नव्हता. त्यानं पाना नटावरनं काढून घेतला, जॅक सोडला, टपावर थाप मारली. "जावा, जावा!"

शशिधर हेल्मेट घालून आत बसला होता. त्यानं आरशात एकदा थोरल्याकडं बघितलं, आणि गाडी लाईनीला नेली.

लोकांनी मारामारी सोडवली तोवर झेंडा पडला होता. गाड्या सुटल्या. अर्ध्या रस्त्यापर्यंत दोन्ही बरोबरीनं होत्या. मग पांढऱ्या गाडीचं पुढचं चाक लटपटलं आणि सुटलं. गाडीचा कोपरा डांबरावर आदळला, लोखंड घासल्याचा आवाज सगळ्या माळभर झाला. गाडी आडवी झाली, उलटली, परत उलटली, आणि कडेच्या दगडांच्या ढिगावर जाऊन आपटली. चाक मात्र एकटंच सरळ पळत राहिलं, माणसं किंचाळत बाजूला झाली, आणि ते पांढरा पट्टा ओलांडून शेतात शिरलं.

गुरुसिद्ध धावला. छप्पर चेपलं होतं, काच शशिधरच्या मांडीवर सांडली होती, आणि उजवा पाय लोखंडात असा अडकला होता की पाय कुठला आणि लोखंड कुठलं हे कळत नव्हतं. "तम्मा! ए तम्मा!" धाकट्याला कानडीत हाका मारत त्यानं वाकलेलं दार हातानंच उपसलं. तळवे फाटले, त्याला कळलंही नाही. भाऊ श्वास घेत होता. माणसं पाय सोडवायला लागली, आणि गुरुसिद्धनं हबकडं बघितलं. स्टड जागच्या जागी ताठ होते, एकही तुटला नव्हता. आटे सोलून निघाले होते. नट आवळलेच नव्हते.

तो उठला. आदर्श रस्त्यात उभा होता, हातात तोच पाना. गुरुसिद्धनं तो हिसकावून घेतला.

"नट आवळलंस?"

"न्हाय अण्णा, तुमीच म्हणालासा..."

पहिला घाव आदर्शनं हात आडवा करून झेलला. हाड मोडल्याचा आवाज जवळच्यांना ऐकू आला. "तुमीच म्हणालासा बिगी! आईशप्पत, तुमीच!"

"व्हय, म्हणलो! बिगीच म्हणलो! मग का केलं न्हाईस, सुक्काळीच्या?"

"केलं की बिगी! अण्णा, केलं की!"

एकच शब्द दोघं एकमेकांच्या तोंडावर फेकत होते, आणि एक मारत होता, दुसरा खात होता. दुसरा घाव जबड्यावर बसला. मग आदर्श बोलायचा बंद झाला. तरी हा थांबेना. पाठीत, खांद्यात, पायावर. चौघांनी मागून कवळा घातला तेव्हा कुठं पाना सुटला. एवढी मोठी जत्रा, पण मधे पडायला आधी कुणी आलं नाही. मरू दे की हो, लोक असलेच.

सम्राटनं दोघांना एकाच जीपमध्ये घातलं. वाटेत सगळ्यांना पढवलं, "दोघांनाबी एकाच अपघातात लागलंय. आदर्शला चाक लागलं. दुसरं काय बोललासा तर सगळीच आत जाऊ." दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तेव्हा आदर्शला जबडा हलवता येत नव्हता. डॉक्टर म्हणाला, "चाक लागलं का?" आदर्शनं गुरुसिद्धकडं बघितलं आणि होय म्हणून मान हलवली.

शशिधर वाचला. उजवा पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला. गुरुसिद्ध दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहिला, घरी जाईना, पाणी घेईना. आदर्शनं माझ्या भावाचा पाय खाल्ला, हेच डोक्यात. बरा झाला की परत बघतो त्याला, असंही मनात यायचं. चिमणाबाई लेकाच्या उशाशी होती. ती येता जाता ह्याला हात जोडायची. "अण्णा, स्वतःचा भाऊ तसल्या अवस्थेत असताना माझ्या लेकाला उचलून आणलासा. देवमाणूस हायसा." गुरुसिद्ध तोंड फिरवायचा.

शशिधरला नीट शुद्ध आल्यावर थोरला त्याच्याजवळ बसला. धाकट्यानं आधी चादरीखालच्या सपाट जागेकडं बघितलं, मग विचारलं, "आदर्श कुठाय?"

"त्याचं नाव काढू नगंस. मी बिगी म्हणून वरडलो, त्यानं नट तसंच सोडलं. अजून त्वांड वर करून सांगतोय, बिगी केलं म्हणून."

"अण्णा," शशिधर म्हणाला, "मराठीत बिगी म्हंजे लवकर."

हा शब्द कोल्हापुरात गुरुसिद्धनं हजारदा ऐकला होता, स्वतः वापरला होता. दोन्ही बिगी त्याच्या एकाच तोंडात आयुष्यभर सुखानं नांदले होते.

"त्यानं तुझं ऐकलं. तू घाई करतोयस असं त्याला वाटलं. आन् मला कळलंतं. मी कानडी हाय की. तू आवळ म्हणतोयस हे मला आतनं ऐकू आलतं. त्यानं जॅक सोडला, तवा नट तसंच हायत हे बी कळलं. थांब म्हणणार हुतो. पण आरशात तू दिसलास. म्हटलं, आता थांब म्हणलो तर अण्णा उदयसिंहाला सोडंल आन् आदर्शला फाडंल, सगळ्या माणसांत. माझ्यापायी आजून एक. त्यापेक्षा एक फेरी निघंल कशीबशी, असं वाटलं." मग म्हणाला, "पाय गेला ते गेला. त्याला मारलं तर न्हाईस न्हवं?"

गुरुसिद्ध उठून बाहेर आला.

बाहेर बाकड्यावर चिमणाबाई डबा उघडून बसली होती. तिनं त्याला ओढून खाली बसवलं. "किती दिवस उपाशी बसशीला? भावाला कोण बघायचं मग?" आणि एक भाकरी, वर वांग्याची भाजी, त्याच्या हातात ठेवली. भाकरी अजून ऊन होती. त्याचे फाटलेले तळवे चुरचुरले.

"मावशी," तो म्हणाला, "आदर्शला चाक न्हाय लागलं."

"मग?"

"मी मारलं. पान्यानं. पडल्यावरबी मारलं."

चिमणाबाईचा घास हातातच राहिला. तिनं एवढंच विचारलं, "काय चुकलंतं त्याचं?"

"काय न्हाय."

चिमणाबाईनं त्याच्या हातातली भाकरी काढून घेतली. ती डब्यात ठेवली, झाकण लावलं, आणि उठून आत लेकाकडं गेली.